चित्र काढा, यंत्र चालवा : कार्ल आदाम पेट्री यांची ओळख



थोर व्यक्तींची ओळख करून देताना आपण बहुतेक वेळा तीच तीच नावं घेतो. न्यूटन, एडिसन, रामानुजन. ती घ्यायलाच हवीत. पण आज एका वेगळ्या माणसाची ओळख करून घेऊ. त्यांचं नाव कार्ल आदाम पेट्री. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या जगभरच्या महाविद्यालयांत हे नाव रोज घेतलं जातं, आपल्या शाळांत मात्र ते फारसं पोहोचलेलं नाही.

आधी एक गल्लत दूर करू. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत जी काचेची उथळ ताटली असते, ती ‘पेट्री डिश’ या पेट्रींची नव्हे. ती यूलियुस रिचर्ड पेट्री या जीवाणूशास्त्रज्ञाची. आपले पेट्री गणितज्ञ. त्यांनी ताटली केली नाही, त्यांनी चित्र काढण्याची एक रीत दिली. वर्तुळं, चौकोन, बाण आणि ठिपके, बस्स एवढंच. पण त्या चित्रातून एकाच वेळी अनेक कामं करणारं यंत्र समजावून घेता येतं, तपासता येतं आणि थेट चालवताही येतं.

एकाच वेळी अनेक कामं : अडचण नेमकी काय?

आपण मुलांना रीत शिकवतो ती पायऱ्यांची. पायरी १, पायरी २, पायरी ३. बेरीज अशी करा, प्रयोग असा करा. पण आपल्या आजूबाजूला काय दिसतं ते बघा. कासुर्डी गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. इथला टोलनाका आठवून पाहा. एक गाडी गेली की मग दुसरी, असं तिथं नव्हतं. चार-पाच रांगा शेजारी शेजारी चालू, प्रत्येकीचा वेग निराळा.

आता राहू, केडगाव, यवत या पट्ट्यातलं एखादं गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. चरकात ऊस जातोय, त्याच वेळी आधीच्या रसाचं आधण काहिलीत उकळतंय, कुणी चुलवणात जाळ घालतंय, कुणी चिपाडं वाळत टाकतंय, गुळव्या मळी काढतोय. ही सगळी कामं एकमेकांपासून सुटी आहेत आणि तरी एकमेकांत अडकलेली आहेत. चिपाड वाळलं नाही तर जाळ नाही. जाळ नाही तर काहील तापत नाही. काहील मोकळी झाली नाही तर नवा रस ठेवायचा कुठं?

अशा कामाची पायऱ्यांची यादी लिहायला बसा, लगेच कळेल की ती लिहिता येत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे दोन शब्द पुरत नाहीत. तिसरा शब्द लागतो : ‘ज्याचं त्याचं, स्वतंत्र’.

संगणकाचंही तेच आहे. बँकेच्या एकाच खात्यातून नवरा पुण्यात आणि बायको दौंडमध्ये एकाच क्षणी पैसे काढतात. खात्यात ५,००० रुपये आहेत आणि दोघांनाही ४,००० हवेत. दोन्ही यंत्रांनी आधी शिल्लक पाहिली, दोघांनाही ५,००० दिसले, दोघांनीही पैसे दिले, तर ८,००० रुपये बाहेर गेले! प्रत्येक यंत्राच्या पायऱ्या एकेकट्या पाहिल्या तर बरोबरच आहेत. चूक आहे ती दोघांच्या एकत्र चालण्यात. आणि अशी चूक शंभरदा तपासलं तरी सापडत नाही, कारण ती दर वेळी घडत नाही. बरोबर तो क्षण जुळला तरच घडते.

पैशाचं नुकसान भरून निघेल. पण हेच रसायनांच्या कारखान्यात झालं तर? आपल्याच तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यात दोन झडपा एका वेळी उघडायच्या नाहीत असा नियम असेल, तर तो ‘बहुतेक वेळा’ पाळून चालत नाही. तो कधीच मोडणार नाही याची खात्री हवी. ही खात्री यंत्र सुरू करण्याआधी, कागदावरच कशी मिळवायची? पेट्रींचं आयुष्यभराचं काम या प्रश्नाभोवती फिरतं.

बालपण : वाढदिवसाची जाडजूड पुस्तकं

कार्ल आदाम पेट्री यांचा जन्म १२ जुलै १९२६ रोजी जर्मनीतल्या लाइपझिग शहरात झाला. म्हणजे २०२६ हे त्यांचं जन्मशताब्दी वर्ष. वडील गणितात डॉक्टरेट मिळवलेले, अभ्यासू गृहस्थ. मुलाची शाळा म्हणजे तिथली जुनी नावाजलेली थॉमस शाळा. संगीतकार बाख यांनी कित्येक वर्षं जिथं मुलांना संगीत शिकवलं, तीच ही शाळा.

बाराव्या वाढदिवसाला वडिलांनी मुलाला रसायनशास्त्राचे दोन जाडजूड ग्रंथ दिले. पालकहो, इथं जरा थांबा. बारा वर्षांच्या मुलाला हे कळेल का, असा प्रश्न त्या वडिलांनी विचारला नाही. पुस्तकं दिली आणि मुलाला त्यात रमू दिलं.

मुलगा रमला. पण त्याला एक अडचण आली. रसायनांच्या अभिक्रिया समीकरणात लिहिल्या जातात. एक समीकरण समजतं. पण एका पदार्थापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, वाटेत चौथा येऊन मिळतो, पाचवा बाहेर पडून पुन्हा पहिल्याला उपयोगी पडतो, अशी साखळी झाली की समीकरणांच्या ओळींतून चित्र काही उभं राहत नाही. मग त्यानं खरंच चित्र काढलं. पदार्थासाठी वर्तुळ, अभिक्रियेसाठी चौकोन, आणि कोण कुठं जातं ते दाखवायला बाण. ही ऑगस्ट १९३९ ची गोष्ट, असं पेट्रींनी पुढे नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा ते तेरा वर्षांचे होते.

लगेच पुढच्या महिन्यात, १ सप्टेंबर १९३९ ला, जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध पेटलं.

युद्ध, कैद आणि पुन्हा अभ्यास

युद्धकाळातच १९४१ मध्ये कोनराड झुसे या अभियंत्यानं बर्लिनमध्ये ‘झेड ३’ नावाचं गणकयंत्र चालवून दाखवलं. झुसे यांच्या यंत्रांबद्दल पेट्रींना वडिलांकडून कळलं आणि त्यांनी स्वतःही एक गणकयंत्र जुळवायला घेतलं. पण १९४४ मध्ये घाईघाईनं शालान्त परीक्षा उरकून त्यांना सैन्यात जावं लागलं. अठरा वर्षांचं वय. पुढं ते ब्रिटिशांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले. कॉलेजात जायच्या वयात कैद नशिबी आली.

मायदेशी परतल्यावर १९५० मध्ये त्यांनी हनोव्हरच्या तंत्रविद्यापीठात गणिताचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या वयाची कित्येक मुलं युद्धातून परतलीच नाहीत. जी परतली, त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. पेट्री चोविसाव्या वर्षी पहिल्या वर्गात बसले. एखादं मूल उशिरा शिकायला लागलं म्हणून आपण खांदे पाडतो ना, त्या वेळी हे आठवावं.

एका घंटेवर किती शाळा चालतील?

१९५९ पासून पेट्री बॉन विद्यापीठात काम करू लागले आणि १९६२ मध्ये डार्मश्टाट तंत्रविद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. प्रबंधाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘स्वयंचलित यंत्रांशी संवाद’. त्यातला प्रश्न साधा होता. गणकयंत्राला काम पुरेना म्हणून त्याला आणखी भाग जोडले, पुन्हा जोडले, पुन्हा जोडले. असं यंत्र हवं तेवढं वाढवता येईल का?

त्या काळी आणि आजही बहुतेक यंत्रात एक मध्यवर्ती ठोका असतो. त्या ठोक्यावर सगळे भाग एकदम एक पाऊल टाकतात. शाळेची घंटा समजा. घंटा वाजली की सगळे वर्ग एकदम तास बदलतात. पण घंटेचा आवाज शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचायला हवा. यंत्रात संदेश प्रकाशापेक्षा वेगानं धावू शकत नाही. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात साधारण ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे आपल्या फूटपट्टीएवढं अंतर. यंत्र जितकं मोठं, तितका ठोका पोहोचायला वेळ, तितकं यंत्र मंद. आणखी भाग जोडला की ठोका आणखी मंद करावा लागतो.

पेट्रींचं उत्तर असं, की मध्यवर्ती घंटाच नको. प्रत्येक भागानं आपल्या शेजाऱ्याकडं बघावं. शेजाऱ्याकडून हवं ते आलं की आपलं काम करावं, झालेलं पुढच्याला द्यावं. सबंध दौंड तालुक्यातल्या शाळा एका हातघंटेवर चालवता येत नाहीत. प्रत्येक शाळेची घंटा निराळी आणि जिथं दोन शाळांचा एकत्र कार्यक्रम असेल तिथंच वेळ जुळवायची. कल्पना तीच.

यातून त्यांच्या हाती आणखी एक बारीक गोष्ट लागली. नीट बघा. गुऱ्हाळात सकाळी जाळ पेटवला, ही घटना अ. गावात दुधाची गाडी आली, ही घटना ब. गुळाची ढेप तयार झाली, ही घटना क. अ आणि ब यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ब आणि क यांचाही नाही. पण म्हणून अ आणि क स्वतंत्र होत नाहीत. जाळाशिवाय ढेप कुठून येणार? ‘समान’ या नात्यात अ बरोबर ब, ब बरोबर क, म्हणून अ बरोबर क, हे आपण मुलांना शिकवतो. स्वतंत्रपणाच्या नात्यात ते चालत नाही. म्हणूनच सगळ्या घटना घड्याळाच्या एका काट्यावर ओवायचा हट्ट पेट्रींना मान्य नव्हता.

चित्राचे नियम

आता ते चित्र बघू. नियम इतके सोपे आहेत की चौथीच्या मुलालाही कळतील.

१. वर्तुळ म्हणजे जागा. तिथं काहीतरी असतं किंवा नसतं. ‘रस तयार’, ‘काहील रिकामी’, ‘चिपाड वाळलेलं’.

२. चौकोन म्हणजे घटना. ‘काहील चढवणे’, ‘गूळ उतरवणे’.

३. बाण वर्तुळाकडून चौकोनाकडं जातो किंवा चौकोनाकडून वर्तुळाकडं. वर्तुळ ते वर्तुळ नाही, चौकोन ते चौकोन नाही.

४. वर्तुळात ठिपके असतात. त्यांना टोकन म्हणतात. रिकाम्या काहिली दोन असतील तर त्या वर्तुळात दोन ठिपके.

५. चौकोनात येणाऱ्या प्रत्येक बाणाच्या मागच्या वर्तुळात ठिपका असेल, तरच ती घटना घडू शकते. घडली की त्या प्रत्येक वर्तुळातला एक ठिपका जातो आणि पुढच्या प्रत्येक वर्तुळात एक ठिपका येतो. हे सगळं एका दमात. अर्धं झालं आणि अर्धं राहिलं, असं नाही.

बस्स, एवढंच. या जाळ्याला जगभर ‘पेट्री जाळं’ म्हणतात.

टोकन या शब्दाची आपल्या भागात एक छान जोड आहे. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि तो कित्येक दशकं एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून आपल्या देशात टोकनची पद्धत होती. दोन स्थानकांच्या मधल्या टप्प्याचं टोकन, म्हणजे धातूचा एक गोळा. तो ज्या चालकाच्या हाती, त्याचीच गाडी जाणार. एक गोळा बाहेर असेपर्यंत जोडीच्या यंत्रांतून दुसरा गोळा निघतच नाही. पेट्रींच्या चित्रात बघायचं तर ‘मार्ग मोकळा’ या वर्तुळात एकच ठिपका. इकडच्या गाडीनं तो उचलला की तिकडच्या गाडीची घटना घडूच शकत नाही. स्टेशनमास्तर झोपेत असला तरी नियम टिकतो. सुरक्षितता माणसाच्या आठवणीवर ठेवायची नाही, रचनेतच ठेवायची, ही त्यातली खरी शिकवण.

चित्रातून प्रोग्राम कसा निघतो?

इथपर्यंत चित्र हे समजून घ्यायला झालं. पुढची पायरी म्हणजे त्यातून संगणकाचा प्रोग्राम तयार करणं.

हे जादूनं होत नाही. प्रत्येक वर्तुळासाठी संगणकात एक आकडा ठेवायचा : आत्ता तिथं किती ठिपके आहेत. प्रत्येक चौकोनासाठी एक लहानसा प्रोग्राम : ही घटना घडली की काय करायचं, उदाहरणार्थ मोटार सुरू करणं, झडप बंद करणं, पावती छापणं. आणि एक व्यवस्थापक प्रोग्राम, जो सतत बघत राहतो की कोणत्या चौकोनाची तयारी पूर्ण आहे. ज्यांची तयारी आहे आणि ज्यांचे ठिपके वेगवेगळे आहेत, अशा घटना तो वेगवेगळ्या कामकऱ्यांना एकाच वेळी देऊन टाकतो. दोन घटनांना एकच ठिपका हवा असेल तर त्यातली एकच घडते, दुसरी थांबते.

वरचं बँकेचं उदाहरण आता परत बघा. ‘खातं मोकळं’ या वर्तुळात एक ठिपका ठेवा. पुण्याच्या यंत्रानं तो उचलला की दौंडचं यंत्र थांबणार. पुण्यानं शिल्लक पाहायची, पैसे द्यायचे, नवी शिल्लक लिहायची आणि मगच ठिपका परत ठेवायचा. दौंडला आता शिल्लक १,००० दिसेल आणि ४,००० मिळणार नाहीत. गोंधळ संपला.

चित्रापासून प्रोग्राम काढण्याचा मोठा फायदा दुसराच आहे. प्रोग्राम हातानं लिहिला तर प्रत्येक वेळी चूक व्हायची भीती. पण चित्राचं प्रोग्राममध्ये रूपांतर करणारं साधन एकदा नीट तपासलं, की पुढं दर वेळी फक्त चित्र बरोबर आहे का ते बघायचं. आणि चित्र तपासणं हे गणित आहे. गुऱ्हाळात काहिली दोन असतील तर ‘काहील रिकामी’ आणि ‘काहील चुलवणावर’ या दोन वर्तुळांतल्या ठिपक्यांची बेरीज कायम दोनच राहिली पाहिजे. ती कोणत्याही घटनेनं बदलत नाही हे कागदावर सिद्ध करता येतं. तसंच कुठं सगळं ठप्प तर होत नाही ना, हेही शोधता येतं.

अर्थात याला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. १० वर्तुळं असतील आणि प्रत्येकात ठिपका असेल किंवा नसेल, तर शक्य स्थिती २ चा १० वा घात म्हणजे १,०२४. वर्तुळं २० केली तर स्थिती दुप्पट होत नाहीत, त्या १०,४८,५७६ होतात. त्यामुळं प्रत्येक स्थिती मोजत बसणं लवकरच हाताबाहेर जातं आणि हुशारीच्या पद्धती लागतात. आणि दुसरी मर्यादा अशी, की चित्रात जे काढलंच नाही ते तपासलंही जात नाही. चिपाड पावसात भिजू शकतं हे चित्रात नसेल, तर गणित बरोबर येईल आणि चूल विझेल.

हळूहळू मिळालेली मान्यता

प्रबंध आला तेव्हा त्याचा फार गाजावाजा झाला नाही. त्या काळातले संगणक एका वेळी एकच काम करणारे. एकाच वेळी अनेक कामांचं गणित कशाला हवं, असं पुष्कळांना वाटलं असेल तर नवल नाही. पेट्रींनी बॉन विद्यापीठाचं संगणक केंद्र उभारलं आणि १९६८ पर्यंत सांभाळलं. त्यानंतर बॉनजवळच्या जीएमडी या राष्ट्रीय संशोधन संस्थेत ते एका विभागाचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले.

दरम्यान अमेरिकेत अनातोल होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना उचलून धरली. १९८० पासून या विषयावर दरवर्षी आंतरराष्ट्रीय परिषद भरू लागली. डेन्मार्कच्या कुर्ट येन्सन यांनी ठिपक्यांना रंग, म्हणजे माहिती, जोडली. त्यामुळं मोठ्या यंत्रणांची चित्रंही आटोपशीर झाली.

कारखान्यांत तर ही कल्पना वेगळ्याच नावानं शिरली. फ्रान्समध्ये १९७७ मध्ये ‘ग्राफसेट’ नावाची चित्रपद्धत तयार झाली, तिचं मूळ पेट्री जाळ्यात. तिच्यावरूनच पुढं कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या ‘पीएलसी’ नावाच्या नियंत्रकांसाठी एक चित्रभाषा आली. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात तिला जागा मिळाली. आयटीआयमध्ये शिकलेला मुलगा रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात पडद्यावर चौकोन आणि रेघा जोडतो आणि ते चित्रच यंत्र चालवतं, तेव्हा तो पेट्रींच्याच वाटेनं चाललेला असतो.

चित्रापासून प्रोग्राम काढण्याचं काम आपल्या पुण्यातही झालं आहे. टाटा समूहानं १९८१ मध्ये पुण्यात एक संशोधन केंद्र सुरू केलं, टीआरडीडीसी. तिथं बँका, विमा कंपन्या यांच्यासाठी आराखड्याच्या चित्रांपासून मोठमोठे प्रोग्राम आपोआप तयार करणारी साधनं विकसित झाली. ती पेट्री जाळी नव्हेत, पण विचार शेजारचाच : आधी नीट आराखडा, मग त्यातून प्रोग्राम.

मानसन्मान पेट्रींना आले ते उतारवयात. १९८८ मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठानं मानद प्राध्यापकपद दिलं. १९९७ मध्ये जर्मनीतला मानाचा वेर्नर फॉन सीमेन्स रिंग हा सन्मान मिळाला. २००८ मध्ये ‘कॉम्प्युटर पायोनिअर’ पुरस्कार मिळाला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. २ जुलै २०१० रोजी जर्मनीतल्या झीगबुर्ग इथं त्यांचं निधन झालं. चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला दहा दिवस राहिले होते. तोवर त्यांनी लहानपणी काढलेली ती वर्तुळं पुन्हा रसायन आणि जीवशास्त्रातही पोहोचली होती. पेशीत एकाच वेळी चालणाऱ्या अभिक्रियांचा अभ्यास आज पेट्री जाळ्यांनी केला जातो.

वर्गात काय करता येईल?

यासाठी संगणक लागत नाही. खडू आणि चिंचोके पुरे.

पटांगणावर खडूनं वर्तुळं काढा : ‘कात्री’, ‘डिंक’, ‘राजू थांबलाय’, ‘सलमा थांबलीय’. प्रत्येकात एक चिंचोका ठेवा. हस्तकलेच्या तासाला दोघांनाही कात्री आणि डिंक दोन्ही हवेत, पण वस्तू एकेकच आहेत.

पहिला खेळ : राजूनं आधी कात्री घ्यायची, मग डिंक. सलमानं आधी डिंक घ्यायचा, मग कात्री. दोघांनी एकदमच सुरुवात करायची. राजूच्या हाती कात्री, सलमाच्या हाती डिंक, आणि आता? दोघंही थांबले. कुणाचीच चूक नाही आणि कुणाचंच काम होत नाही. मुलांना हे फार मजेशीर वाटतं. संगणकात याला ‘डेडलॉक’ म्हणतात. अरुंद पुलावर समोरासमोर आलेले उसाचे दोन ट्रॅक्टर म्हणजे हेच.

दुसरा खेळ : आता नियम बदला. ‘दोन्ही वस्तू एकदम उचलणे’ हा एकच चौकोन काढा. दोन्ही वर्तुळांत चिंचोका असेल तरच उचलायचं, नाहीतर एकही नाही. काम झालं की दोन्ही परत. आता खेळ कधीच अडकत नाही.

तिसरा प्रश्न मुलांनाच विचारा : एकेक वस्तूच उचलायची असेल, तर कोणता नियम केला म्हणजे अडणार नाही? थोडा वेळ द्या. दोघांनीही आधी कात्री आणि मगच डिंक, म्हणजे सगळ्यांनी एकाच क्रमानं उचलायचं, हे उत्तर कुणीतरी काढेलच.

आठवी-नववीच्या मुलांना पाणी तयार होण्याचं समीकरण याच रीतीनं काढायला सांगा. हायड्रोजनचे दोन ठिपके, ऑक्सिजनचा एक, चौकोनातून बाहेर पाण्याचे दोन. बाणावर ‘२’ लिहायचं विसरू नका. समीकरणातले सहगुणक कशासाठी असतात हे ठिपके हलवताना आपोआप कळतं. हायड्रोजनचे ५ आणि ऑक्सिजनचे ४ ठिपके दिले तर घटना किती वेळा घडेल, हेही विचारा. उत्तर दोन वेळा. हायड्रोजनचा एक ठिपका उरतो आणि ऑक्सिजनचे दोन.

पालकांसाठीही एक सांगणं. मूल वहीच्या मागच्या पानावर वर्तुळं आणि रेघा काढत बसलं तर लगेच रागावू नका. आधी विचारा, हे काय आहे, मला समजावून सांग. रेघोट्या असतील तर त्या असू द्यात. पण कधी कधी मूल जे शब्दांत मांडू शकत नाही ते चित्रात मांडत असतं, आणि त्याला तेवढा वेळ आणि एखादं जाड पुस्तक देणं आपल्या हातात असतं.

हा खेळ आपल्या वर्गात घेऊन बघा, आणि मुलांनी तिसऱ्या प्रश्नाची काय काय उत्तरं दिली ते इतर शिक्षकांनाही जरूर सांगा.